चाचांचे पदक आणि दोन ठिपके

प्रकटदिनाची गर्दी नुकतीच ओसरली होती आणि रमजानचा चंद्र दिसून दोन दिवस झाले होते. असरची नमाज आटोपून मी मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो. आमच्या मोहल्ल्यातले चाचा खाली उभे होते. हातात कापडी पिशवी होती. म्हणाले, "प्रोफेसर साहब, रोजे में तकलीफ दे रहा हूँ. एक कागज पढना है."

पिशवीतून आधी प्लास्टिकची थैली निघाली, थैलीतून जुना रुमाल आणि रुमालातून लष्कराचे डिस्चार्ज बुक. पुठ्ठ्याच्या कडा झिजलेल्या, आतली शाई फिकट झालेली. चाचा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सतरा वर्षे फौजेत काढली, मग एका बँकेच्या दारावर रखवालदारी केली. शेगावात आज त्यांना सगळे ओळखतात ते रोज पहाटे स्टेशनपर्यंत चालत जाऊन येणारे म्हातारबाबा म्हणून. ते १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर, शकरगडच्या बाजूला, दिवे झाकून गोळाबारुदाचा ट्रक चालवत होते, हे मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. मलाही त्या दिवसापर्यंत धड माहीत नव्हते.

डिस्चार्ज बुकात पदकांचा एक रकाना असतो. चाचांच्या रकान्यात पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल अशा दोन नोंदी आहेत. वर्दीवर लावायची रंगीत फीत त्यांना नोकरीत असतानाच मिळाली. धातूचे पदक मात्र आलेच नाही. "नंतर येईल" असे सांगितले गेले. बदल्या झाल्या, युनिट बदलले, मग घरी आले. पत्र टाकले, उत्तर आले नाही. दुसरे टाकले. तिसऱ्या पत्राला आलेले उत्तर घेऊन ते त्या दिवशी माझ्याकडे आले होते. इंग्रजीतल्या चार ओळींचा अर्थ एवढाच होता की अर्जातले नाव आणि नोंदीतले नाव जुळत नाही.

मी दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहिली. चूक लगेच सापडली आणि हसावे की रडावे ते कळेना. 'शेख' हा शब्द इंग्रजीत थोडक्यात लिहायची जुनी पद्धत आहे, एस आणि के अशी दोन अक्षरे. भरतीच्या वेळी कोणीतरी तसेच लिहिले. पुढे कुठल्या तरी कागदावर नकल उतरवताना दुसऱ्या कोणीतरी त्या दोन अक्षरांमध्ये दोन ठिपके घातले. झाले! शेख गेले आणि 'एस. के.' आले. जणू चाचांचे नाव सुरेशकुमार किंवा सलीमखान असावे आणि ही त्याची आद्याक्षरे. आधार कार्डावर, पेन्शनच्या पासबुकावर आणि मतदार यादीत 'शेख' पूर्ण लिहिलेले. फौजेच्या एका नोंदवहीत ठिपके. माणूस एकच, पण कागदाच्या लेखी दोन.

हे दोन ठिपके इतके जड का, ते समजायला पदकांचा हिशेब थोडा समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे बहुतेकांना परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र ठाऊक असतात. ती शौर्यपदके. त्यासाठी त्या वेळच्या वरिष्ठाने शिफारस करावी लागते, ती वरपर्यंत जाते, छाननी होते आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेने सन्मान जाहीर होतो. ते कोणी अर्ज करून मागू शकत नाही. दुसरा प्रकार सेवेच्या पदकांचा. १९६५ च्या लढाईसाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्व आघाडीवर होता त्याला पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर होता त्याला पश्चिमी स्टार, आणि त्या काळात सेवेत होता त्याला संग्राम मेडल. शिवाय नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके वेगळी. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांसाठी आणखी एक. यांना शिफारस लागत नाही. ठराविक काळात ठराविक ठिकाणी तुम्ही कर्तव्यावर होता, एवढी नोंद पुरते. म्हणजे हे बक्षीस नव्हे, हिशेबातली बाकी आहे.

या पदकांबरोबर एक रुपयाही भत्ता मिळत नाही. म्हणून पैशांसाठी खटपट चालली असेल असे कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. आणि एक बारकी गोष्ट: पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. नोंदीत नाव चुकले तर ते पदकही चुकीच्याच नावाचे होणार. तेव्हा आधी नोंद, मग पदक, हा क्रम चुकवता येत नाही.

उशीर का होतो, याचे उत्तर कोणा एकाच्या वाईटपणात नाही. लढाई संपली की लाखो जवान एकाच वेळी पात्र ठरतात. पदके सरकारी टांकसाळीत तयार व्हायची, त्यावर नावे कोरायची, मग युनिटकडे जायची. तोवर जवानाची बदली झालेली किंवा तो घरी गेलेला. घरचा पत्ता 'मुक्काम पोस्ट अमुक' एवढाच. अनेक जवानांनी छावणीच्या बाजारातून नकली पदक विकत घेऊन वर्दीवर लावले. खऱ्या पदकाचा मानकरी नकली पदक विकत घेतो, यापेक्षा वेगळे उदाहरण काय द्यावे?

कागदातली चूक फक्त साध्या शिपायाच्या वाट्याला येते, असेही नाही. देशाचा सर्वोच्च सन्मानही तिच्यातून सुटलेला नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या काठी सिरिजाप चौकी लढवताना गोरखा रायफल्सचे मेजर धनसिंग थापा मारले गेले असे समजून त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र जाहीर झाले. ते प्रत्यक्षात शत्रूच्या कैदेत होते. सुटून परत आले, आणि मग नोंद सुधारली गेली. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, टायगर हिलवर लढलेले अठराव्या ग्रेनेडियर्सचे एकोणीस वर्षांचे योगेंद्रसिंग यादव यांचेही तेच झाले. सन्मान मरणोत्तर म्हणून जाहीर झाला आणि ते रुग्णालयात जिवंत होते. त्याच तुकडीत त्यांच्याच नावाचा दुसरा जवान होता, तो शहीद झाला होता. एका नावाची दोन माणसे आणि एका माणसाची दोन नावे, दोन्हींत कागद अडखळतो.

ग्रेनेडियर्सचेच हवालदार अब्दुल हमीद आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहेत. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ जीपवरच्या तोफेने रणगाडे उडवत १० तारखेला ते शहीद झाले. निवृत्त मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी लिहिले आहे की हमीद यांच्या नावाची शिफारस आदल्या संध्याकाळीच रवाना झाली होती. त्यामुळे शेवटच्या दिवशी त्यांनी उडवलेले रणगाडे तिच्या आकड्यात आलेच नाहीत. परमवीरचक्राला त्याने काही उणेपणा आला नाही. पण नोंद कोणत्या क्षणी लिहिली गेली यावर तिच्यात काय राहील आणि काय निसटेल हे ठरते, ते यातून दिसते.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत ठळक नाव म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरकडचे. जन्म १९४४ चा. फौजेच्या इएमई या तांत्रिक दलात जवान आणि चांगले मुष्टियोद्धे. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या, एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार झाले. व्यायाम म्हणून पाण्यात उतरवले गेले आणि तेथून हा माणूस १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहोचला. पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण.

त्यानंतर काय झाले? ते पुण्यात नोकरीला लागले आणि देश त्यांना विसरला. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणी १९८२ मध्ये मान्य झाली नाही. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. २०२४ च्या जून महिन्यात 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला, तेव्हा कित्येक मराठी घरांत पहिल्यांदा विचारले गेले, "हे आपल्याकडचे होते?" आणि १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात त्यांना जीवनगौरव गटातला अर्जुन पुरस्कार दिला गेला. तेव्हा वय ऐंशी. हायडेलबर्गच्या त्या तलावापासून बावन्न वर्षांहून अधिक काळ गेला होता. पेटकरांचे प्रकरण पदकाच्या कडेवरच्या नावाचे नाही, क्रीडा सन्मानाचे आहे. पण लढाईत जायबंदी झालेल्या शिपायाला आपला हक्क मागायला स्वतःच उभे राहावे लागले, ही गोष्ट तीच आहे.

नोंद अदालतीतून दुरुस्त झाल्याचेही उदाहरण आहे. कारगिलमध्ये बटालिक भागात लढलेल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर देविंदरसिंग यांनी आपल्या कामगिरीची नोंद बदलली गेली अशी तक्रार केली. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने मे २०१० मध्ये त्यांचे म्हणणे उचलून धरले आणि लढाईचा लिहिलेला इतिहास सुधारण्यास सांगितले. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने आले आणि २००९ पासून काम करते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. त्याआधी साध्या जवानाला उच्च न्यायालयाशिवाय दार नव्हते.

बाहेर पाहिले तर तेथेही हेच. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने लष्करी नोंदी दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र नागरी मंडळे आली. तरीही १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस शहरातल्या नोंदीघराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. त्यांची मुले आजही जुनी पत्रे आणि फोटो जोडून वडिलांची पदके मागत असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला तेथले सर्वोच्च पदक मिळाले नव्हते. फेरतपासणी झाली आणि जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना ते दिले गेले. त्या सातांत जिवंत एकटेच होते, व्हर्नन बेकर. २०१४ च्या मार्चमध्ये अशाच तपासणीतून चोवीस नावे निघाली, त्यांतले तीन जिवंत होते. म्हणजे नोंद सुधारते, पण माणूस तोवर थांबेलच असे नाही.

चाचांच्या कामात मला हीच भीती होती. आपल्याकडच्या नियमाने पेन्शन नसलेल्या जवानाची सेवा कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी आणि पेन्शनवाल्याची ५० वर्षांनी नष्ट केली जातात. मागे उरते ती कायम ठेवली जाणारी मोठी नोंदवही, लाँग रोल. तिच्यात थोडकीच माहिती असते. चाचा १९८३ मध्ये घरी आले. हाती काही वर्षे आहेत, फार नाहीत.

मग आम्ही कामाला लागलो. दिवसा रोजा, संध्याकाळी इफ्तार, आणि तरावीहनंतर चाचांच्या ओट्यावर कागद. पहिला पुरावा शाळेचा. चाचा नगरपालिकेच्या उर्दू शाळेत शिकले. दाखलखारीज रजिस्टरात त्यांच्या नावाची नोंद उर्दू लिपीत, सुरेख वळणाची. आणि खाली शिक्का 'मध्य प्रदेश शासन'. नव्या पिढीला हे चमत्कारिक वाटेल, पण आपला बुलढाणा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशातच होता. उर्दू नोंद, तिचे मराठी भाषांतर आणि इंग्रजी प्रत अशा तीन लिप्यांत एकच नाव आम्ही मांडले. आयुष्यभर मी वर्गात दोन भाषांचे नाते शिकवत आलो. त्याचा इतका सरळ उपयोग मला कधी झाला नव्हता.

दुसरा पुरावा माणसाचा. चाचांच्या तुकडीतले एक मित्र अकोल्याकडे राहतात. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी. फोनवर कळले तशी दुसऱ्या दिवशी गाडीने आले. प्रतिज्ञापत्रावर सही करायची म्हणून वकिलाने नियमाप्रमाणे विचारले, तुम्ही यांना ओळखता का? ते एकदम उखडले. "मी नाही तं कोण वयखीन? हा मायासंगच व्हता. त्या राती यानं गाडी पलटू देली नाही म्हणून मी आज इथं बसलो हाव." चाचांनी ही हकिकत आम्हाला कधी सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी माळकरी बाबा इफ्तारला थांबले. खजूर आणि भजी खाल्ली, पाणी प्यायले आणि रात्रीच्या गाडीने परत गेले.

तिसरे काम कार्यालयाचे. नावाच्या दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचना लागते. ती मान्य झाली की लष्कराच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये नोंद निघते. फौजेत एखादी गोष्ट घडली असे मानायचे तर ती या ऑर्डरमध्ये यावी लागते. लग्न, मूल, बढती, पदक, सगळे. चाचा खामगावला गाडी बदलून बुलढाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आले. तेथल्या कर्मचाऱ्याने फाइल नीट लावून दिली. शिवाय माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून एक साधा प्रश्न विचारला: या सेवा क्रमांकावर कोणती पदके मंजूर आहेत आणि कोणती पाठवली? हा प्रश्न नावावर नव्हे, क्रमांकावर विचारायचा. क्रमांकात ठिपके घुसत नाहीत.

एकदा मी चाचांना विचारले, "चाचा, पन्नासाहून अधिक वर्षे गेली. आता पदक कशाला हवे?" मला वाटले होते नातवंडांसाठी म्हणतील. किंवा आजकाल कोण कोणाला काय विचारेल सांगता येत नाही, म्हणून म्हणतील. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेटा, मुझे किसी को कुछ साबित नहीं करना. मैं गया था, अल्लाह को मालूम है. लेकिन जो मेरा लिखा है, वो मेरे नाम से लिखा हो. दूसरे के नाम से क्यूँ रहे?"

मी घरी येऊन विचार करत बसलो. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आहे. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा. लहानपणी वाटायचे, एवढ्या मोठ्या ग्रंथात एवढी जागा हिशेबाच्या वहीला कशाला? आता कळते. नीट न लिहिलेले देणे फिटत नाही, मग देणारा कितीही प्रामाणिक असो.

माहितीच्या अधिकारातले उत्तर महिन्याच्या आत आले. त्या सेवा क्रमांकावर दोन्ही पदके मंजूर आहेत, पाठवल्याची नोंद नाही. चाचांनी ते पत्र माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतले. नावाच्या दुरुस्तीचा अर्ज दाखल झाला आहे, पोच मिळाली आहे. पुढची ऑर्डर निघायची आहे, पदक त्याच्या पुढे. किती दिवस लागतील ते कोणी सांगत नाही. चाचा आता पहाटे स्टेशनला जाताना पोस्टमनची वेळ धरून परततात.

शेवटी वाचकांना एक विनंती. शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, नांदुरा, आपल्या या सगळ्या भागातून पिढ्यानपिढ्या मुले फौजेत गेली आहेत. पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते २०२३ च्या ऑक्टोबरात सियाचीनवर गेला, ते दुःख अजून ताजे आहे. तुमच्याही घरात, गल्लीत एखादे जुने डिस्चार्ज बुक असेल. ते उघडा. पदकांचा रकाना वाचा. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आधार कार्डाशी जुळवून पाहा. सैनिक हयात नसेल तर सेवेचे पदक त्याच्या वारसालाही मागता येते. कागदाच्या प्रती काढून दोन ठिकाणी ठेवा. आणि तुकडीतला एखादा मित्र हयात असेल तर त्याला आजच फोन करा. साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत.

ईदच्या दिवशी चाचांना मी भेटायला जाणार आहे. पदक तोवर येणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. पण त्यांनी कपाटातली जुनी फीत काढून धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे. म्हणाले, "अचकन पर यही लगा लूँगा. ये तो मेरी ही है."